संत्र्याच्या पानापासून रक्ताच्या थेंबापर्यंत

काटोलच्या बागेतून आलेले संत्र्याचे पान उजेडाकडे धरून, पिवळे चट्टे मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे आहेत की नाहीत हे मी आधी पाहत असे. जस्ताच्या कमतरतेत ते बहुधा सारखे असतात, ग्रीनिंग रोगात वेडेवाकडे. पण डोळा फसतो, आणि सायला किडीमार्फत पसरणारा ग्रीनिंगचा जिवाणू प्रयोगशाळेत सहजासहजी वाढत नसल्याने शिरेतल्या डीएनएची तपासणी हाच भरवशाचा मार्ग उरतो. त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, जेमतेम 12 लाख अक्षरांचा. माणसाचा सुमारे 300 कोटींचा.

पुढे नागपुरातच रुग्णांच्या जनुकीय तपासणीकडे वळलो, तेव्हा कामाची रीत तीच राहिली, धाक मात्र वाढला. विदर्भात बऱ्याच घरांत आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या एचबीबी जनुकातील एका अक्षराच्या बदलात आहे. सुरुवातीलाच मी ती जागा जुन्या संदर्भ-जीनोममधील (तुलनेसाठी वापरायचा प्रमाण जीनोम; आवृत्ती बदलली की जागांचे क्रमांकही बदलतात) 5248232 या क्रमांकाने नव्या आवृत्तीत शोधली (तिथे ती 5227002 वर आहे) आणि बदल नाही असे लिहून मोकळा झालो. सही करण्यापूर्वी वरिष्ठ मॅडमनी शांतपणे विचारले, "सिकलसेलची सोल्युबिलिटी रक्तचाचणी पॉझिटिव्ह आहे, मग हे कसे?" त्या दिवसापासून आवृत्तीचा क्रमांक मी प्रत्येक फाईलच्या नावातच घालतो.