मागचा डावा दरवाजा

आमच्या गाडीचा मागचा डावा दरवाजा उन्हाळाभर सुरळीत चालायचा आणि पाऊस लागला की अडायचा. रिमोट दाबला की तीन दरवाजे खट्‌कन उघडणार, हा मात्र बंदच. पुन्हा दाबला तर कधी उघडणार, कधी नाही. नेरुळला आमच्या सोसायटीत गाडी उघड्यावर उभी असते. त्यामुळे ‘पाणी गेलं असेल, वाळलं की होईल ठीक’ असं घरात सगळेच म्हणत होते.

मला ते पटत नव्हतं, कारण त्या दरवाज्याजवळ सासूबाई बसतात. सीवूड्सच्या मॉलच्या बेसमेंटमध्ये एकदा तो दरवाजा उघडेचना. लेकीसाठी चाइल्ड लॉक लावलेलं, म्हणजे आतलं हँडल ओढून उपयोग नाही. बाहेरून मी ओढतेय तर लॉक. लॉकची खुंटी त्यांना अंधारात सापडेना. शेवटी दुखरे गुडघे सावरत त्या सीटवरून सरकत सरकत उजव्या दाराने उतरल्या. बोलल्या काहीच नाहीत. पण त्यानंतर गाडीत बसल्या की दार लावायच्या आधी खुंटी चाचपून बघायला लागल्या. ते मला बघवेना. चाइल्ड लॉक मी त्याच संध्याकाळी काढलं. दार उघडं ठेवलं की कडेला कुलपाच्या खाली तो छोटा खटका दिसतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, ‘लॉकची मोटर बदलावी लागेल. नाहीच झालं तर कंट्रोल मॉड्यूल.’ दरवाज्याचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, कुणी उघडूनही बघितलं नव्हतं. मॉड्यूल म्हणजे चारही लॉकना हुकूम सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, या सगळ्यातला सर्वांत महाग भाग. बाकीचे तीन दरवाजे बिनतक्रार चालत असताना त्याच्यावर संशय अगदी शेवटी घ्यायचा, असं माझं ठाम मत आहे. मी गाडी परत घेऊन आले.

घरी सगळ्यांत आधी दोष कुठे नाही ते ठरवलं. रिमोटऐवजी ड्रायव्हरच्या दारात चावी फिरवली, मग आतलं लॉकचं बटण दाबून पाहिलं. तिन्ही प्रकारे हाच दरवाजा मागे राहत होता, म्हणजे रिमोट निर्दोष. (रिमोटचा सेल संपला असता तर एकही दरवाजा उघडला नसता. बऱ्याच रिमोटमध्ये ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल असतो, आणि तो जुना झाला की गाडीच्या अगदी जवळ जाऊन बटण दाबावं लागतं.) फ्यूजही ठीक होता, कारण आमच्या गाडीत चारही लॉकना एकच फ्यूज आहे. तो उडाला असता तर चारही दरवाजे गप्प बसले असते. गाडीची बॅटरी उतरली की सगळेच लॉक सुस्तावतात. इथे बाकी तिघे जोमात होते.

मग नवऱ्याला बटण दाबायला बसवलं आणि मी दरवाज्याला कान लावला. हे कुणालाही जमण्यासारखं आहे आणि यातून खूप कळतं. आतून मोटरचा आवाज येतोय पण लॉक हलत नाही, तर मोटरपासून कुलपापर्यंत जाणारी दांडी निसटलेली असते, नाहीतर कुलूप गंजून जाम झालेलं असतं. आवाजच नसेल तर एक तर मोटर गेलेली, किंवा तिच्यापर्यंत करंट पोचत नाही. आमच्या दरवाज्यात आवाज नव्हता.

मोटर की करंट, याचा उलगडा काचेने केला. त्याच दरवाज्याची काच इतर काचांपेक्षा हळू चढत होती. ती जुनी झाली असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. लॉकची मोटर वेगळी, काचेची वेगळी. दोघी एकदम कशा बिघडतील? दोघींमध्ये सामाईक एकच जागा होती, ती म्हणजे गाडीच्या खांबातून दरवाज्यात शिरणारा वायरींचा जुडगा. दार उघडताना खांब आणि दरवाजा यांच्यामध्ये जी काळी रबरी नळी दिसते, तिच्या आत तो असतो आणि प्रत्येक उघडझापीला वाकतो. मी दार पूर्ण उघडून बटण दाबलं, खुंटी वर आली. दार अर्धं लोटून दाबलं, खुंटी हललीच नाही. पुन्हा पूर्ण उघडलं, आली वर!

हे घेऊन मी शिरवण्याच्या एमआयडीसीत एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले.

‘ताई, मोटर आणलीत का?’

‘नाही दादा. आधी मोटरपर्यंत करंट येतोय का ते बघा.’

त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, हँडलमागचा स्क्रू खोलला आणि पॅडच्या क्लिपा एकेक करून सोडवल्या. आतला प्लास्टिकचा कागद खालून सुटलेला होता. तपासायला पुन्हा बॅटरी जोडली तेव्हा मी पिशवीतून मल्टिमीटर काढला, तर म्हणाले, ‘मीटर राहू द्या, बल्ब लावू. लॉकला करंट क्षणभरच येतो. मीटरवर आकडा स्थिरावेपर्यंत तो गेलेला असतो.’ मोटरच्या प्लगला दोनच तारा. लॉक करताना एकीत प्लस, उघडताना दुसरीत, त्यामुळे मोटर दोन्ही दिशांना फिरते. त्यांनी १२ व्होल्टचा छोटा बल्ब त्या दोन तारांना लावला. दार पूर्ण उघडं असताना बटण दाबलं की बल्ब लुकलुकायचा. अर्ध्यावर आणलं की काहीच नाही.

बॅटरी पुन्हा काढून त्यांनी रबरी नळी खांबाच्या बाजूने खेचून बाहेर घेतली. ती तिच्या खाचेतून आधीच अर्धी निसटलेली होती. तिथूनच पाणी आत जात होतं. वरून सगळ्या तारा धडधाकट दिसत होत्या. दादांनी एकेक तार चिमटीत धरून हलकेच ताणली. एक तार रबरासारखी लांबली. आत तांबं तुटलेलं होतं, फक्त वरचं प्लास्टिक तिला धरून होतं. सोललं तर आतलं तांबं हिरवं-काळं पडलेलं. काचेच्या तारेतले बरेचसे पदर तुटले होते. उरलेल्या चार पदरांवर काच चढत होती, म्हणून हळू.

माझी समजूत होती की तिथेच डाग देऊन (सोल्डर करून) टेप गुंडाळतील. दादांनी मान हलवली. ‘वाकायच्या जागी डाग दिला की तार तिथे कडक होते आणि डागाच्या शेजारीच पुन्हा तुटते.’ त्यांनी त्याच जाडीची, बारीक पदरांची लवचीक तार घेतली. एक सांधा दरवाज्याच्या आत आणि दुसरा खांबाच्या आत येईल एवढी लांब. नळीतून जाणारा भाग अखंड ठेवला. सांध्यांवर आकसणारी नळी चढवून गरम केली, रबर खाचेत नीट बसवलं, प्लास्टिकचा कागद नव्याने चिकटवला. दरवाज्याच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजली होती. तीही तारेने मोकळी केली. जुन्याच मोटरने खुंटी टक्‌कन वर आली.

मोटर, मॉड्यूल काहीच लागलं नाही. तार, नळी आणि दादांची मजुरी, एवढाच खर्च. ज्यांना हे घरी करायचं असेल त्यांनी पिवळ्या प्लगला हात लावू नये. तो सहसा एअरबॅगचा असतो.

अजून एक. रिमोटने उघडल्यावर दार उघडलंच नाही, तर अर्ध्या-एक मिनिटात गाडी आपोआप पुन्हा लॉक होते, अशी सोय बऱ्याच गाड्यांत असते. तो बिघाड नव्हे. शेजारचे काका त्यापायी गॅरेजला निघाले होते, त्यांना मी गाडीचं माहितीपुस्तक काढून दाखवलं.

त्यानंतर भर पावसात गाडी बाहेर काढली, दरवाजा एकदाही अडला नाही. उजव्या बाजूच्या नळीलाही वाकायच्या जागी बारीक चीर दिसली आहे. आत पाणी जायच्या आधी, गणपतीत गावी निघायच्या अगोदर, ती बदलून घेणार आहे.