आजीची कवड्यांची माळ पुन्हा गाठवून घेतली, त्याचा अनुभव

कवड्यांची माळ तुटली की आमच्या घरात दोनच सल्ले मिळतात, तुळजापूरला जाऊन नवी घे नाहीतर जुनी नदीत सोडून दे. मला दोन्ही नको होतं. ही माळ आजीची. ती आराधीण होती, मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची आणि तेव्हा गळ्यात ही माळ असायची म्हणजे असायचीच. तिच्यामागे माळ बार्शीला आत्याकडे गेली, मग आत्याच्या घराचं बांधकाम निघालं तेव्हा माझ्याकडे पुण्याला आली. नवरात्राच्या तयारीत बाहेर काढली तर दोरा जागोजागी तुटलेला, काही कवड्या फुटलेल्या, आणि बऱ्याच कवड्यांवर बोटाला लागणारी पांढरी पावडर, वर पिशवी उघडल्या उघडल्या आंबूस वास.

ज्यांच्या घरी अशी माळ आहे, किंवा गोंधळ्याचा साज, पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालायचा पट्टा, बंजारा भरतकामाचं जुनं कापड आहे, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय, कारण मला हे मराठीत एका जागी कुठेच मिळालं नाही आणि अशा वस्तू आपल्याकडे फार पटकन टाकून दिल्या जातात, मला ते खरंच बघवत नाही.

पहिला प्रश्न पावडरचा. घरच्यांचं मत, बुरशी आहे, गरम पाण्यात सोडा घालून उकळ. माझी एक मैत्रीण म्युझियममधल्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, तिला फोटो पाठवले तर तिने पहिलं विचारलं, ठेवली कशात होती? तर प्लायवूडच्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून प्लास्टिकची पिशवी, म्हणजे आपण सगळेच जशी ठेवतो तशी. ती म्हणाली ही बुरशी नाही, याला बाइन्स डिसीज म्हणतात, बाइन नावाच्या एका अभ्यासकाने १८९९ मध्ये यावर लिहिलं होतं. नाव आजाराचं असलं तरी यात जंतू वगैरे काही नसतात. कवडी म्हणजे समुद्री गोगलगाईचं कवच, सगळं कॅल्शियम कार्बोनेट. प्लायवूड, पुठ्ठा, वर्तमानपत्राचा कागद यातून हळूहळू आम्लाची वाफ निघत राहते, हवा दमट असली आणि जागा बंद असली की ती कवचाला खाते आणि वर पांढरे क्षार येतात. म्हणजे ती पावडर बाहेरून आलेली नव्हती, कवडीच झिजून पावडर होत होती. लिंबू, चिंच, व्हिनेगर लावून कवड्या चकचकीत करायच्या ज्या युक्त्या सांगतात त्या याच कारणाने अजिबात करू नका, आम्लाने कवडीची चकाकी जाते आणि ती परत येत नाही. ती चकाकी कोणी पॉलिश करून आणलेली नसते, जिवंत असताना गोगलगाय आपल्या अंगाचा मऊ पदर दोन्ही बाजूंनी कवचावर ओढून घेते आणि त्याच पदरातून तो गुळगुळीत थर बसत जातो.

दोऱ्यातून कवड्या सोडवण्याआधी माळ पांढऱ्या चादरीवर पसरली, फोटो काढले, प्रत्येक कवडीचा क्रम कागदावर मांडला आणि अंड्याच्या ट्रेमध्ये त्याच क्रमाने एकेक ठेवत गेले. हे कंटाळवाणं आहे पण करा, कारण आजीच्या माळेत मधल्या कवड्या मोठ्या आणि मानेकडे जाता जाता बारीक होत गेलेल्या होत्या, ज्याने कोणी ती गाठवली त्याने निवडून लावल्या होत्या.

मग आत्याचा फोन. "कुंकवाला हात लावू नकोस बरं का, ते आईने लावलेलंय." मी म्हटलं आत्या, धुवावं तर लागेल, पावडर राहिली तर पुढे खातच जाणार. शेवटी आमचं असं ठरलं की पावडर आलेल्या कवड्याच फक्त डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायच्या, पाणी बदलत राहायचं, आणि बाकीच्यांवर नुसता मऊ कोरडा ब्रश फिरवायचा. धुतलेल्या कवड्या सावलीत पूर्ण वाळू दिल्या, उन्हात नाही. बाकीच्यांच्या दातांमधलं कुंकू आणि तेल तसंच आहे. भिंगाखाली एक कवडी बघत बसले होते, तोंडाच्या दोन्ही ओठांवर ते बारीक दात, दर दोन दातांच्या फटीत काळपट लाल कुंकू घट्ट बसलेलं, आणि एका कुशीची नक्षी आजीच्या मानेला घासून घासून पार गेलेली, तिथे नुसता पिवळसर गुळगुळीत डाग. हे साफ करून नव्यासारखं दिसायला लावायचं तर मग नवीच माळ आणावी ना.

माळ कशामुळे तुटली, हे दोरा हातात घेतल्यावर कळलं. कवडी ओवायची तर तिची फुगीर पाठ घासून भोक पाडतात, म्हणजे दोरा पाठीतून आत आणि तोंडाच्या फटीतून बाहेर येतो आणि दातांची बाजू समोर राहते. जुन्या कवड्या दगडावर घासलेल्या होत्या, भोकाच्या कडा एकदम गुळगुळीत. पण मध्ये कधीतरी कोणीतरी चार-सहा कवड्या बदललेल्या दिसत होत्या, त्या ठोकून फोडलेल्या, कडा करवतीसारख्या, आणि दोरा बरोबर त्यांच्याच शेजारी कापला गेला होता. तेव्हा नवी कवडी लावताना भोकाची कड बोट फिरवून बघा, जरा जरी बोचली तरी पाण्यात भिजवून बारीक पॉलिश पेपरने घासा. कोरडी घासू नका आणि मास्क लावा, ती धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

या पाठ घासण्याच्या नादात मी बरंच काही शोधत गेले आणि मला खरंच भरून आलं, कारण हीच युक्ती जगात कुठे कुठे आहे बघा. चीनमध्ये शांग राजवटीच्या काळातल्या कबरींमध्ये पाठ घासलेल्या, भोक पाडलेल्या कवड्या सापडतात. तिथे अनयांगला १९७६ मध्ये फू हाओ या राणीची कबर सापडली, साधारण इसवीसनापूर्वी १२०० ची, तर तिच्यासोबत साडेसहा हजारांहून जास्त कवड्या ठेवलेल्या होत्या. पाकिस्तानातल्या चित्रालच्या डोंगरात कलाश जमातीच्या बायका डोक्यावर कुपास म्हणून एक जड साज घालतात, त्याची पट्टी पाठीवर लांब सोडलेली असते आणि ती कवड्यांनी भरलेली. अंगामी नागा पुरुषांच्या काळ्या वस्त्रावर कवड्यांच्या ओळी शिवतात, पूर्वी तो लढवय्याचा मान होता. काँगोच्या कुबा लोकांच्या न्गाडी आम्वाश मुखवट्यावर मण्यांसोबत कवड्या. चित्राल आणि नागालँड समुद्रापासून किती लांब आहेत हे नकाशात बघा, आणि तरीही तिथल्या माणसांना अंगावर घालायला हेच कवच हवं होतं.

आणि एवढ्या कवड्या यायच्या कुठून, तर बऱ्याचशा मालदीवमधून. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३-४४ मध्ये तिथे काझी होता, त्याने लिहून ठेवलंय की गोगलगाई समुद्रातून काढून किनाऱ्यावर खड्ड्यात पुरतात, मांस कुजून गेलं की पांढरी कवचं उरतात, आणि ती बंगालमध्ये देऊन तांदूळ घेतात. पुढे युरोपियन व्यापाऱ्यांनी याच कवड्या जहाजं भरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या मोबदल्यात गुलाम म्हणून माणसं विकत घेतली, हेही यातच आहे आणि ते वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतीत नाण्यांचा हिशोबच कवडीपासून सुरू होतो, २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या. आजीच्या गळ्यात त्या हिशोबाने फार काही नव्हतं, पण देवीच्या माळेची किंमत त्या हिशोबात बसतच नाही.

बदली कवड्या मिळवणं सगळ्यात अवघड गेलं. पूजेच्या दुकानात मिळतात त्यातल्या बऱ्याच ब्लीच केलेल्या, काही पिवळ्या रंगात बुडवलेल्या, आणि काही तर चक्क प्लास्टिकच्या. खरी कवडी गालाला लावली की गार लागते, हातात वजन जाणवतं आणि दात कधीच एकसारखे नसतात. प्लास्टिकच्या सगळ्या एकाच साच्यातल्या, दहा घ्या आणि शेजारी ठेवा, लगेच कळतं. शिवाय आजीच्या माळेत दोन जातींच्या कवड्या होत्या, एक नेहमीची कोनदार पिवळट, आणि दुसरी जिच्या पाठीवर केशरी कडं असतं ती, पाठ घासल्यामुळे ते कडं कडेला अर्धवटच उरलेलं, पण नीट बघितलं की दिसतं. तेव्हा दोन्ही शोधाव्या लागल्या. एक सांगून ठेवते, समुद्रकिनाऱ्यावरच्या स्टॉलवरून मोठ्या, वेगळ्या नक्षीच्या कवड्या उचलू नका, २००१ पासून काही जातींची नावं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. माळेच्या छोट्या कवडीचा तो प्रश्न नाही. नव्या कवड्या चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या दिसतील असं करायचं एकाने सुचवलं, मी नाही केलं. नवी ती नवी दिसू दे, पुढे कोणाला कळायला हवं कुठली आजीची आणि कुठली आपण लावलेली.

ओवायचं काम मात्र स्वतः केलं नाही, रविवार पेठेत एक पटवेकरी काका बसतात त्यांच्याकडे नेली. आधी ते म्हणाले, "ताई, नायलॉन घालतो, जन्मात तुटणार नाही." मी म्हटलं काका, मला सुतीच पाहिजे, मेण लावून, आणि दर कवडीनंतर गाठ. नायलॉनची गाठ सरकते, आणि दोरा पक्का आणि कवडी जुनी असली की ताण आला तर कवडी फुटते, त्यापेक्षा दोरा तुटलेला बरा, दोरा परत घालता येतो. गाठ असली की तुटलं तरी एकच कवडी निसटते, सगळी माळ रस्त्यात सांडत नाही. काकांनी थोडा विचार केला, म्हणाले "पूर्वी असंच करायचे, आता एवढा वेळ कोण देतो." पण मग इतकं मन लावून केलं त्यांनी, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, डाव्या हाताने कवडी फिरवून दातांची बाजू समोर आणत, प्रत्येक गाठ नखाने कवडीला टेकवून आवळत. सांगितले त्यापेक्षा पैसे जास्त दिले मी, ते घेत नव्हते.

आता माळ धुतलेल्या मलमलच्या कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलीय, झाकण घट्ट लावत नाही, आणि पावसाळ्यात अधूनमधून उघडून पावडर परत येतेय का ते बघते. नवरात्रात आत्या तुळजापूरला घालून गेली होती. फुटक्या कवड्या टाकल्या नाहीत, वेगळ्या पुरचुंडीत त्याच डब्यात आहेत, आत्याची तशीच इच्छा होती.

पुढचं काम मामाकडच्या बैलाच्या पट्ट्याचं आहे. त्याच्या कवड्या चांगल्या आहेत पण त्या ज्या चामड्यावर शिवल्यात ते सुकून आकसलंय, टाके ओढले जातायत, त्यामुळे आधी चामड्याचं कळणारा माणूस शोधतेय आणि तो मिळेपर्यंत पट्टा पोळ्याला बाहेर काढायचा नाही असं मामाला सांगून ठेवलंय.