छताचा विमा सक्तीचा, माणसाचा ऐच्छिक

टेक्सास राज्यात एसीचा धंदा करायचा असेल, तर विम्याचा दाखला जोडल्याशिवाय राज्य सरकार परवानाच देत नाही. मात्र त्याच धंद्यात शिडीवर चढणाऱ्या माणसाचा विमा उतरवायचा की नाही, हे त्याच राज्याने खासगी मालकाच्या मर्जीवर सोडले आहे. ह्यूस्टनच्या बाहेर माझी स्वतःची लहानशी फर्म आहे आणि सध्या विम्याच्या नूतनीकरणाचे दिवस असल्यामुळे हे कागद रोज डोळ्यांसमोर आहेत. त्यातच बेळगावातल्या शहापूरच्या माझ्या मावसभावाने फोनवर खर्चाचा आकडा ऐकला आणि म्हणाला, "दादा, एवढं कागदाला घालायचं, तर धंदा कशाचा करतोस?" त्याला फोनवर जे नीट सांगता आले नाही, ते इथे सविस्तर लिहीत आहे. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. बेळगावची हवा बदलली, टिळकवाडीपासून वडगावपर्यंत गॅलरीबाहेर आउटडोअर युनिटे दिसू लागली आणि आयटीआय झालेली कितीतरी मुले या कामात उतरली. त्यांतले काहीजण इकडचा हिशेब विचारत असतात.

आधी परवान्याचे सांगतो. टेक्सासमध्ये परवान्याचे दोन वर्ग आहेत. 'बी' वर्गाला २५ टनांपर्यंतची यंत्रणा बसवता येते, म्हणजे घरे, दुकाने आणि लहान कार्यालये. 'ए' वर्गाला मर्यादा नाही. 'बी' वर्गासाठी एका घटनेला १ लाख डॉलर आणि वर्षाला एकूण २ लाख डॉलर इतका दायित्व विमा, म्हणजे आपल्या कामामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून देणारा विमा, लागतो, तर 'ए' वर्गासाठी हेच आकडे ३ लाख आणि ६ लाख आहेत. गेल्या सहा वर्षांपैकी चार वर्षे परवानाधारकाच्या हाताखाली काढल्याचा पुरावा आणि परीक्षा हे वेगळेच. परवाना मिळाल्यावर त्याचा क्रमांक गाडीच्या दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत रंगवावा लागतो. आपल्या कर्नाटकात वीज कंत्राटदाराला विद्युत निरीक्षणालयाचा परवाना लागतो, हे सर्वांना माहीत आहे. पण तिसऱ्या मजल्यावर युनिट टांगणाऱ्या एसी मिस्त्रीला असा कोणताच परवाना लागत नाही. इथली ही शिस्त मला मनापासून आवडते आणि ती आपल्याकडे यावी असे वाटते.

कायद्याचे आकडे मात्र फक्त उंबरठ्यापुरते आहेत. प्रत्यक्ष बाजारात एका घटनेला १० लाख आणि वर्षाला २० लाख डॉलर याखालच्या पॉलिसीला व्यापारी इमारतीत कोणी दारात उभे करत नाही. हा विमा नक्की कशाला उपयोगी पडतो, ते एका नेहमीच्या कामावरून सांगतो. इकडच्या बहुतेक घरांत एसीचे आतले यंत्र माळ्यावर आडवे ठेवलेले असते. दमट हवेमुळे त्यातून सतत पाणी निथळते आणि ते एका बारीक प्लॅस्टिकच्या नळीतून बाहेर सोडलेले असते. त्या नळीत हळूहळू चिकट शेवाळी गाळ धरतो, नळी तुंबते, पाणी खालच्या जादा ट्रेमध्ये उतरते, आणि त्या ट्रेमधला तरंगता स्विच नीट बसवलेला नसेल, तर यंत्र बंद न पडता पाणी वाहतच राहते. मग एके दिवशी दिवाणखान्यातील जिप्समचे छत फुगते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखे खाली येते. काम सहा महिन्यांपूर्वी झालेले असले, तरी जबाबदारी कंत्राटदारावरच येते, आणि काम पूर्ण झाल्यानंतर उद्भवणाऱ्या नुकसानीसाठी पॉलिसीत वेगळे कलम असते ते याचसाठी. विमा कंपनी छताचे, गालिच्याचे, सोफ्याचे पैसे देते. ती नळी पुन्हा नीट बसवण्याचा खर्च मात्र देत नाही. स्वतःचे खराब काम दुरुस्त करणे ही विम्याची जबाबदारी नव्हे, हे तत्त्व पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असते आणि मला ते पूर्णपणे न्याय्य वाटते. गॅसच्या गळतीचे तसे नाही. बऱ्याच साध्या पॉलिसींतून 'प्रदूषण' वगळलेले असते, त्यामुळे त्यासाठी निराळे संरक्षण विकत घ्यावे लागते. इथे घरगुती एसीत सौम्य ज्वलनशील गॅस २०२५ पासून सर्रास येऊ लागला आणि त्याची मोठी चर्चा झाली. आपले मिस्त्री तशाच जातीचा आर-३२ गॅस कित्येक वर्षे हाताळत आहेत, हे मी इथल्या लोकांना आवर्जून सांगतो.

आता ज्या कागदाने माझे सर्वांत जास्त दिवस खाल्ले आहेत, त्याविषयी. त्याला विम्याचे प्रमाणपत्र म्हणतात. एका पानाचा, ठरलेल्या छापील नमुन्याचा हा कागद असतो आणि तो एजंटाकडून मिळतो. प्रत्येक इमारतीच्या व्यवस्थापनाला, मोठ्या कंत्राटदाराला आणि दुकानदाराला तो कामाआधी हवा असतो. एका दवाखान्याच्या इमारतीत छतावरचे युनिट बदलायचे होते, क्रेन भाड्याने आणलेली होती, माणसे पहाटेच निघाली होती. पण प्रमाणपत्रावर इमारतीच्या मालकाच्या कंपनीचे नाव अपुरे होते, म्हणून फाटकावरच्या माणसाने गाडी आत सोडली नाही. क्रेनचे भाडे आमच्या अंगावर पडले. फाटकावरचा माणूस नियमानेच वागला, त्याच्याविषयी तक्रार नाही. राग येतो तो त्या कागदाचा, कारण त्याच्या अगदी वरच्या ओळींत मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते की हा दाखला केवळ माहितीसाठी आहे आणि तो ज्याला दिला त्याला यातून कोणताही हक्क मिळत नाही. ज्याच्यावाचून पाऊल आत टाकता येत नाही, तो कागद स्वतःच असे सांगतो. खरा हक्क पॉलिसीला जोडलेल्या पुरवणीतून येतो, जिच्यात इमारतीच्या मालकाला 'अतिरिक्त विमाधारक' म्हणून सामावून घेतलेले असते. आणि त्यातही काम चालू असतानाची पुरवणी वेगळी, काम संपल्यानंतरची वेगळी. पुरवणीचे पान कोणी उघडून पाहत नाही आणि प्रमाणपत्रावरची चौकट मात्र तपासून घेतात, हे मला आजही पटत नाही. सातबारा, पहाणी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा), फेरफार यांच्या कागदांसाठी ज्यांच्या घरातील दोन पिढ्या तालुका कचेरीत उभ्या राहिल्या, त्या सीमाभागातल्या माणसाला कागदाचे वजन शिकवावे लागत नाही; पण आपल्याकडचा पहाणीचा उतारा निदान स्वतःला निरर्थक म्हणवून घेत नाही.

व्हॅनचा विमा वेगळा, कारण घरगुती मोटार पॉलिसी धंद्याच्या वापराला सहसा संरक्षण देत नाही. व्हॅनमधली हत्यारे, व्हॅक्यूम पंप आणि गेज यांचा विमा आणखी वेगळा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात याशिवाय २५,००० डॉलरचा बाँड भरावा लागतो. तो विमा नसून जामीनच असतो, कारण हमीदार कंपनीने ग्राहकाला दिलेले पैसे ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करते.

आणि मग येतो कामगारांचा विमा. अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक राज्यात नोकर ठेवले की, काही राज्यांत ते ठरावीक संख्येपुढे गेले की, तो सक्तीचा होतो. फ्लोरिडात बांधकामाशी संबंधित धंद्यात एक माणूस ठेवला तरी तो लागतो. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२३ पासून एसीच्या परवानाधारकाला, पदरी एकही नोकर नसला तरी, हा विमा बंधनकारक केला. टेक्सास याला अपवाद आहे. या राज्याचा पहिला भरपाई कायदा १९१३ चा, तरीही खासगी मालकाने त्यात सामील व्हायचे की नाही हे आजही ऐच्छिक आहे. सामील न होणाऱ्या मालकावर जखमी कामगार दावा लावू शकतो आणि त्या दाव्यात 'तुझाही निष्काळजीपणा होता' हा बचाव मालकाला घेता येत नाही, एवढीच काय ती किंमत. ग्राहकाचे छत पडले तर त्याची सोय परवान्याच्या अटीतच आहे. पण त्याच छतातून, माळ्याच्या तुळईवरून पाय घसरून माझा हेल्पर खाली आला, तर त्याची सोय माझ्या इच्छेवर आहे. उन्हाळ्यात त्या माळ्यावरचे तापमान ५० अंशांच्या पुढे जाते, हातात ब्रेझिंगची, म्हणजे तांब्याच्या नळ्या जोडण्याची, पेटलेली टॉर्च असते आणि पायाखाली दोन बोटे जाडीचे लाकूड असते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा कायदा कसा वाटेल ते सांगायला नको.

या विम्याचा हप्ता पगाराच्या दर शंभर डॉलरमागे ठरतो. समजा दर शंभराला ४ डॉलर आहे आणि वर्षाचा एकूण पगार २ लाख डॉलर, तर हप्ता ८,००० डॉलर होतो. त्याला मग फर्मच्या अपघातांच्या इतिहासावरून काढलेल्या गुणकाने गुणतात. सर्वसाधारण फर्मचा गुणक १ धरला, तर अपघात जास्त झालेल्या फर्मचा १.२५ होऊन हप्ता १०,००० वर जातो आणि सांभाळून काम करणाऱ्या फर्मचा ०.८५ होऊन ६,८०० वर येतो. हे गणित मला फार मोलाचे वाटते, कारण शिडीचा पाय धरून उभा राहणारा दुसरा माणूस पाठवणे हा इथे खर्च न राहता बचत ठरतो. वर्षअखेरीस विमा कंपनीचा लेखापरीक्षक येतो आणि पगाराची वही तपासतो. बाहेरचा पोटकंत्राटदार लावला असेल आणि त्याच्या विम्याचे प्रमाणपत्र जवळ नसेल, तर त्याला दिलेली रक्कमही आपल्याच पगारात धरून जादा हप्ता लावतो. प्रमाणपत्रावर मी एवढा चिडतो, पण त्या दिवशी मात्र तोच कागद फाइलमधून काढून द्यावा लागतो.

मी हा विमा घेतला आहे. त्यामुळे निविदेत माझा आकडा चढतो आणि न घेणाऱ्यांकडे कामे जातात. उन्हाळ्याच्या तोंडावर एखादे चांगले काम हातचे गेले की घरात त्यावर चर्चाही होते. तरीही माझा निर्णय बदललेला नाही, आणि त्याचे श्रेय मी टेक्सासला देणार नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वाढलेल्या माणसाने पाहिलेले असते की फाउंड्रीत कुणाचा हात भाजला, तर शेठ स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेतो, बिल भरतो आणि घरी महिन्याचे पैसे पोहोचवतो. सगळेच शेठ तसे नसतात, पण असे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. मावसभावाला मी त्याच्या दुकानातल्या पोरांच्या विम्याविषयी विचारले, तेव्हा तोही सहज म्हणाला, "पोरगं पडलं तर मी बघतो की, विमा कशाला?" त्याने तसे बघितलेही आहे, आणि त्याच्या शब्दावर माझा विश्वास आहे. इथे मालक फुले पाठवतो आणि पुढचे विमा कंपनी पाहते. आपल्याकडची माया त्यात नाही. कौशल्यातही आपली मुले कमी नाहीत. सीलबंद कॉम्प्रेसर कापून, वाइंडिंग करून पुन्हा जोडणारे मिस्त्री आपल्याकडे आहेत; इकडे तो नुसता बदलतात.

परंतु 'मी बघतो' ही हमी बघणाऱ्याच्या खिशाएवढीच असते, आणि आपला कायदा त्याहून पुष्कळ जास्त मागतो. १९२३ च्या कायद्यापासून कामावरील अपघाताची भरपाई ही मालकाची जबाबदारी आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. १९२३ च्या कायद्यातील हिशेबाने, महिना १५,००० रुपये मिळवणारा २५ वर्षांचा मुलगा कामावर दगावला, तर मजुरीच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या २१६.९१ या गुणकाने गुणून भरपाई १६ लाखांच्या वर जाते. विमा घेण्याची सक्ती नाही, भरपाई देण्याची आहे. ईएसआय, म्हणजे सरकारची कामगार राज्य विमा योजना, सहसा दहा किंवा त्याहून जास्त माणसे असली की लागू होते, म्हणजे दोन-तीन पोरे घेऊन दुकान चालवणारा त्यात बसत नाही. बँकेतून २० रुपयांत मिळणारा पंतप्रधान सुरक्षा विमा प्रत्येकाने घ्यावा, पण त्याचे २ लाख त्या कुटुंबाला मिळतात आणि मालकाची देणेदारी त्याने फिटत नाही. खडे बाजारातल्या कुठल्या दुकानदाराला हा १६ लाखांचा आकडा माहीत आहे, हे मावसभावाने चौकशी करून पाहावे.

म्हणून त्याला मी पुढील गोष्टी सुचवल्या आहेत आणि निपाणी, खानापूर, चिक्कोडीकडे हे काम करणाऱ्या प्रत्येकाला त्या लागू पडतात. सर्वसाधारण विमा विकणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या शाखेत कामगार भरपाईची पॉलिसी मिळते आणि ती दोन माणसांसाठीही घेता येते. प्रस्ताव अर्जात मजुरी खरी लिहावी, कमी दाखवू नये. कामाच्या स्वरूपाच्या रकान्यात नुसते 'एसी दुरुस्ती' न लिहिता बाहेरच्या भिंतीवर, उंचीवर आउटडोअर युनिट बसवणे आणि ब्रेझिंग करणे, असे सविस्तर लिहावे, कारण क्लेमच्या वेळी पहिल्यांदा तोच रकाना वाचला जातो. रोजंदारीवर बोलावलेल्या हेल्परचेही नाव त्यात असावे. पॉलिसीचा नमुना आधीच मागून त्यातील वगळलेल्या गोष्टींचे पान, ते इंग्रजीत असले तरी कुणाकडून तरी मराठीत समजावून घेऊन मगच अर्जावर सही करावी, आणि सुरक्षा पट्टा त्याच दिवशी विकत आणावा.