पाचातले तीन डंबेल लवकर तुटले

त्या दिवशी सकाळी टेन्साइल मशीनवर, म्हणजे नमुना तुटेपर्यंत ताणणाऱ्या यंत्रावर, रबराचे पाच डंबेल (मध्ये अरुंद, टोकांना रुंद असे पंच केलेले तुकडे) लावले आणि पाचातले तीन भलतेच लवकर तुटले. उरलेले दोन मात्र अगदी हवे तसे ताणले गेले, म्हणजे सगळेच वाईट आले असते तर एक वेळ समजलं असतं की फॉर्म्युलाच चुकलाय, पण एकाच शीटमधून पंच केलेले तुकडे असे वेगवेगळे वागतात तेव्हा डोक्यात भुंगा लागतो.

माझं काम प्रेसिपिटेटेड सिलिकावर चालतं, म्हणजे टायरच्या रबरात मिसळतात त्या पांढऱ्या पावडरीवर. सोडियम सिलिकेटचं द्रावण 80-85 डिग्रीला ठेवायचं, त्यात सल्फ्युरिक ॲसिड हळूहळू सोडायचं, पीएच 8-9 च्या आसपास सांभाळायचा आणि ढवळणं थांबू द्यायचं नाही. आधी काहीच होत नाही, मग द्रावणाला निळसर धूसरपणा येतो, आणि थोड्या वेळाने ते दाट दुधासारखं पांढरं होतं. हा धूसरपणा येतो तो क्षण मला इतक्या वर्षांनंतरही आवडतो, कारण नेमकं तेव्हाच कण जन्माला येत असतात. तिथे ॲसिडची घाई केली की सगळी जेली होऊन बसते आणि बॅच गेली. नीट झालं तर फिल्टर करायचं, उरलेला ओला लगदा, म्हणजे केक, सोडियम सल्फेट निघून जाईपर्यंत धुवायचा आणि वाळवायचा. माझ्या सगळ्या वहीत या वाळवण्यावर जेमतेम एक ओळ असायची.

तर दोन बॅच होत्या. सिलिकेट तेच, ॲसिड तेच, तापमान तेच. बीईटी, म्हणजे पावडरीचा पृष्ठभाग मोजणारी चाचणी, एकीची 168 आली आणि दुसरीची 163. म्हणजे एका ग्रॅममध्ये साधारण 165 चौरस मीटर पृष्ठभाग, बॅडमिंटनची दोन कोर्ट मावतील एवढा, आणि तो सगळा चिमूटभर पावडरीत. मी दोन्ही बॅच सारख्याच धरल्या आणि रबरात घातल्या. रेसिपी टायरच्या ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या थराची, नेहमीची, रबराच्या 100 भागांना सिलिका 80 भाग, सिलिका आणि रबर जोडणारं रसायन म्हणजे सिलेन 6.4 भाग आणि रंगापुरता थोडा कार्बन ब्लॅक. 1992 मध्ये मिशेलिनने ग्रीन टायर आणला तेव्हापासून जगभर हाच रस्ता चालतोय, कारण सिलिका आणि सिलेन नीट जमलं तर टायर रस्त्यावर फिरताना कमी ऊर्जा खातो आणि ओल्या रस्त्यावरची पकडही जात नाही.

पहिल्या बॅचचं रबर छान निघालं. दुसरीचं हे असं.

सगळ्यांचा पहिला संशय सिलेनवर, आणि तो रास्तही होता. सिलिकाच्या अंगावर सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले OH) असतात, त्यामुळे तिला पाण्याचं प्रेम आणि रबराशी वैर, सिलेन मध्ये पडून दोघांना बांधतो. त्यासाठी मिक्सरमध्ये 145-150 डिग्री तापमान काही मिनिटं टिकावं लागतं, कमी पडलं तर रिॲक्शन अर्धवट राहते, आणि 160 च्या वर गेलं तर सिलेनमधलं सल्फर मिक्सरमध्येच रबर जोडायला लागतं. मी मिक्सरचा ग्राफ काढून बघितला, तापमान बरोबर होतं. मग पेन इफेक्ट, म्हणजे थोडं जास्त ताणल्यावर रबराचा कडकपणा किती घसरतो ते, बघितला, कारण सिलेनचं काम झालं नसेल तर सिलिकाचे कण आपापसातच घट्ट हात धरून बसतात आणि तो आकडा फुगतो. तो दोन्ही रबरांचा जवळपास सारखाच. मूनी व्हिस्कॉसिटी, म्हणजे कच्च्या रबराचा घट्टपणा, तीही सारखीच. म्हणजे सिलेनने आपलं काम केलं होतं, त्याला उगाच दोष देण्यात अर्थ नव्हता.

जेवायची वेळ टळून गेली होती. मी ते तुटलेले तुकडे टेबलावर ओळीने मांडले आणि भिंग घेऊन तुटलेल्या तोंडाकडे बघत बसले. काळ्या रबराच्या त्या खरबरीत तोंडावर एका कडेला सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका होता, आणि फाटल्याच्या सगळ्या रेषा त्या ठिपक्यापासून पंख्यासारख्या पसरलेल्या. दुसरा तुकडा घेतला, तिथेही ठिपका. तिसऱ्यातही. जे दोन नीट ताणले गेले त्यांच्यात मात्र असं काही नाही. मायक्रोस्कोपखाली ठेवलं तर तो 60-70 मायक्रॉनचा सिलिकाचा सबंध खडा निघाला, रबर त्याच्या आत शिरलंच नव्हतं.

हे बघितल्यावर मी दोन्ही बाटल्यांमधली पावडर चिमटीत घेऊन चोळली. पहिली बोटांत विरून गेली, नुसता मऊपणा राहिला. दुसरी करकरली. अगदी बारीक, पण करकर होतीच.

लॅबमधल्या मामांना विचारलं, ही दुसरी बॅच वाळवली तेव्हा काही वेगळं झालं होतं का. ते लगेच म्हणाले, "हो मॅडम, त्या दिवशी स्प्रे ड्रायरचं नोझल चोक झालेलं, केक वाया जाईल म्हणून रात्रभर ट्रे ओव्हनमध्ये ठेवला. सकाळी दगड झालेला, मग ग्राइंडरला लावून 200 मेशच्या चाळणीतून काढला." त्यांनी काही लपवलं नव्हतं, रजिस्टरमध्ये लिहायला तसा रकानाच नव्हता.

200 मेश म्हणजे 75 मायक्रॉन, खड्याचा हिशोब तिथेच जुळला.

फिल्टर केकमध्ये 80 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. कण अगदी लहान, काही 15-20 नॅनोमीटरचे, त्यांच्या माळा झालेल्या आणि माळांच्या मधल्या फटींत पाणी. ओव्हनमध्ये ते पाणी तासनतास हळूहळू निघतं आणि निघता निघता फटींच्या भिंती एकमेकींकडे ओढून घेतं, दोन ओल्या काचा चिकटतात तसं, आणि भिंती टेकल्या की सिलॅनॉलला सिलॅनॉल जोडून कायमची गाठ बसते. स्प्रे ड्रायरमध्ये थेंब काही सेकंदांत सुकतो, माळांना एवढं आवळून बसायला वेळच मिळत नाही, आणि मग मिक्सरमध्ये रबराने जोर लावला की गोळे फुटतात. ओव्हनचा खडा फुटत नाही. आणि बीईटीला हे दिसत नाही, कारण ती नायट्रोजनने मोजतात, नायट्रोजनचा रेणू त्या आवळलेल्या फटींतही शिरतो, पण रबराची लांबलचक साखळी तिथे कुठून शिरणार!

अंदाज पटला तरी तपासल्याशिवाय मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी नवीन बॅच केली आणि एकच केक अर्धा अर्धा केला, अर्धा स्प्रेला, अर्धा ओव्हनला. बीईटी पुन्हा जवळजवळ सारखी. पण पावडर तेल किती पिते ते मोजणारी डीबीपी चाचणी केली तर ओव्हनवालीचा आकडा स्पष्ट खाली, म्हणजे माळांमधली मोकळी जागा गेलेली. ही चाचणी मी पहिल्या दोन बॅचवर केली असती तर तीन आठवडे वाचले असते, आणि बीईटी आली की पुरे हा आमच्याकडचा समज मला तेव्हापासून मान्य नाही.

स्प्रेवाल्या अर्ध्याचे पाचही डंबेल नीट ताणले गेले. ओव्हनवाल्यातले दोन लवकर तुटले, दोघांच्या तोंडावर पांढरा ठिपका. उरलेल्या ओल्या केकमधलं पाणी आता मी अल्कोहोलने धुवून काढतेय, त्याचा पृष्ठताण पाण्यापेक्षा खूप कमी, तेव्हा ओव्हनमध्येसुद्धा भिंती एवढ्या ओढल्या जाऊ नयेत. ट्रे आत्ताच आत ठेवलाय.