मिरज-कोल्हापूर रूट : ग्रुप बंद व्हायच्या आत काम कुठवर आलं

मंडळी, बातमी सगळ्यांपर्यंत पोचली असेलच. आपला ट्रेन सिम्युलेटरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायच्या खेळाचा ग्रुप वर्षअखेरीस बंद होतोय. फाइल्स ठेवायच्या जागेचं भाडं जे दादा इतकी वर्षं स्वतःच्या पगारातून भरत होते त्यांनी कळवलंय की आता पुढचं भाडं भरणार नाहीत, आणि त्यांच्यावर रागवायचा हक्क कुणालाच नाही, कारण आपण सगळ्यांनी फुकट इंजिनं घेतली, फुकट डबे घेतले आणि रात्री बारा वाजता 'दादा रूट ओपन होईना' असा मेसेज टाकला की उत्तर द्यायला तोच माणूस जागा असायचा. काही जण म्हणाले वर्गणी काढूया. चांगली गोष्ट आहे, पण अडचण पैशापेक्षा माणसांची जास्त आहे. आलेली प्रत्येक झिप उघडून तपासायची, व्हायरस बघायचा, दुसऱ्याचं मॉडेल कुणी नाव काढून स्वतःचं म्हणून टाकलंय का ते बघायचं, रीडमी (फाइलसोबतची माहितीची चिठ्ठी) नसेल तर परत पाठवायचं, हे सगळं चार-पाच लोकच करत होते, आता त्यातल्या कुणाची पोरं दहावी-बारावीला आलीत, कुणी पुण्याला गेलं, कुणाची शिफ्ट बदलली.

म्हणून यावेळचा रिपोर्ट थोडा वेगळा आहे. रूटचं काम आहेच, पण जास्त वेळ दुसऱ्याच गोष्टीत गेला आणि ती गोष्ट तुम्ही पण आपापल्या प्रोजेक्टसाठी आत्ताच करून घ्या असं मला मनापासून वाटतं.

आधी रूट. नवीन पोरांसाठी थोडक्यात सांगतो, मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर 2001 साली आला तेव्हा त्यात सहा रूट होते, अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रिया आणि जपान या चार देशांतले, भारताचं एक स्टेशनसुद्धा नव्हतं. दोन रुळांमधलं अंतर पण 1435 मिलिमीटर, आपली ब्रॉडगेज 1676, म्हणजे 241 मिलिमीटरचा फरक, तो डोळ्याला लगेच कळतो, आपला डबा त्या रुळावर ठेवला की चाकं बाहेर लोंबकळतात. त्यामुळं रूळ, स्लीपर, सिग्नल, फाटक, पिवळ्या पाट्या, चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचे डबे, सगळं लोकांनी घरी बसून बनवलं, पगार नाही काही नाही. 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढचा ट्रेन सिम्युलेटर बनवणारा एसेस स्टुडिओच बंद केला आणि तो नवा खेळ आलाच नाही, पण जुना खेळ मेला नाही कारण ओपन रेल्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर लोकांनी मिळून लिहिलं, ते जुन्या खेळाच्याच फाइल्स वाचतं, 2015 ला त्याचं 1.0 आलं आणि आपण सगळे आज त्याच्यावरच चालवतो.

आपला रूट मिरज ते कोल्हापूर, 47-48 किलोमीटर, सिंगल लाइन, काळ डिझेलचा म्हणजे वर विजेच्या तारा नाहीत. मिरज, जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, गूळ मार्केट, कोल्हापूर. रुकडी आणि वळिवड्याच्या मध्ये पंचगंगा आहे आणि तिथंच या महिन्यात सगळ्यात जास्त काम झालं. जमिनीचा डेटा आपण एसआरटीएमचा वापरतो, 2000 साली स्पेस शटलमधनं रडारने मोजलेला, त्यात उंचीचा एक पॉइंट साधारण 30 मीटरवर, आणि खेळातली एक टाइल, म्हणजे जमिनीचा चौकोनी तुकडा, 2048 मीटरची, तिच्यात दर 8 मीटरला उंची लागते. मधले सगळे पॉइंट प्रोग्रॅम अंदाजाने भरतो आणि नदीकाठ पार सपाट गुळगुळीत होऊन जातो. ज्याने पुराच्या आधीची आणि नंतरची पंचगंगा बघितलीय त्याला ते सहन होत नाही हो. त्यामुळं दोन्ही काठ हाताने उचलले, रुळाचा भराव वेगळा दिसेल असा केला, पुलाखालची गाळाची पट्टी वेगळ्या टेक्स्चरने (वर चिकटवायच्या चित्राने) काढली. आता इंजिनच्या कॅबमधून बघितलं की नदी खाली आहे असं वाटतं, आधी ती ताटात ओतल्यासारखी दिसायची.

ऊस झाला. याचा मला फार आनंद आहे. झाडं लावायच्या फॉरेस्ट टूलमध्ये झाडाची उंची-रुंदी देता येते, त्यात तीन मीटर उंची आणि उसाच्या फडाचं टेक्स्चर देऊन हातकणंगले ते रुकडी दोन्ही बाजू भरल्या. तोडणी झालेली रानं मुद्दाम मध्येमध्ये सोडलीत, सगळीकडं उभा ऊस दाखवला की खोटं वाटतं. एका ठिकाणी गुऱ्हाळ पण ठेवलंय, धुराड्यातनं धूर निघतो.

कोल्हापुरात शिरताना परीख पूल आहे, वर रेल्वे आणि खालून रस्ता. या खेळात जमीन म्हणजे एकच चादर, एका जागी एकच उंची, बोगदा किंवा खालचा रस्ता आपोआप होत नाही. जमीन खाली दाबली, वर पुलाचं मॉडेल बसवलं, दोन्ही बाजूच्या भिंती वेगळ्या बनवून फट झाकली. अजून शाहूपुरीच्या बाजूला कोपऱ्यात थोडी फट दिसते, ती पुढच्या वेळी. टेंबलाईचा उड्डाणपूल मात्र झाला.

आवाजावर जास्त लिहीत नाही, ज्यांनी आल्कोचं (जुन्या डिझेल इंजिनांची अमेरिकन कंपनी) इंजिन ऐकलंय त्यांना माहितीय. डब्ल्यूडीएम-2 या डिझेल इंजिनाला 2600 हॉर्सपॉवर, त्याच्या पुढच्या 3ए ला 3100, आपल्या जुन्या पॅकमध्ये दोघांना एकच आवाज लावलेला होता. आता आठही नॉचला (वेग वाढवायच्या दांड्याच्या पायऱ्या) वेगळा आवाज आहे आणि पहिल्या नॉचवरून वर जाताना तो जो दम घेऊन उचलतो ना, तो जमलाय.

आता मुद्द्याचं. ग्रुप बंद होणार म्हणल्यावर पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी एकच केलं, सगळ्या झिप डाउनलोड. बरोबर आहे, मी पण केलं. पण ते सगळं एका जागी ठेवून रीडमी उघडून वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की निम्म्याच्या वर रीडमीत एकाच अर्थाचं वाक्य आहे, की ही फाइल मोफत आहे, वापरा, पण माझ्या परवानगीशिवाय दुसरीकडे टाकू नका आणि बदल करून वाटू नका. त्या काळात हे योग्यच होतं, लोक दुसऱ्याची मॉडेलं सीडीवर भरून विकत होते. पण याचा आज अर्थ काय होतो बघा. ग्रुप आहे तोवर बनवणारा माणूस कुठंतरी सापडतो, विचारलं की हो म्हणतो. ग्रुप गेला की तो माणूस शोधायची जागाच जाते, फाइल तुमच्या डिस्कवर राहते, पण तुम्ही ती कुणाला देऊ शकत नाही, तिच्यातली चूक सुधारून वाटू शकत नाही. फाइल जिवंत आणि काम मेलेलं. ओपन रेल्सचं असं होणार नाही कारण ते जीपीएल लायसन्सवर आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही बदलून पुढं वाटू शकतो, उद्या आजची सगळी टीम थांबली तरी दुसरा कुणीतरी पुढं लिहू शकतो. आपल्या डब्या-इंजिनांचं तसं नाही.

त्यामुळं रूट बाजूला ठेवून मी एकेका लेखकाला शोधायला लागलो. रूटमध्ये आणि सोबतच्या गाड्यांमध्ये ज्यांचं ज्यांचं काम आहे त्यांची यादी केली आणि एक साधा मजकूर पाठवला, तो इथं देतो, उचला आणि वापरा : 'माझं हे मॉडेल कुणीही दुरुस्त करून पुन्हा मोफत वाटू शकतो, माझं नाव कायम ठेवावं, विकू नये, आणि बदललेलं मॉडेल याच अटींवर वाटावं.' क्रिएटिव्ह कॉमन्सचं बाय-एनसी-एसए साधारण हेच सांगतं, ज्यांना इंग्रजी लायसन्स पाहिजे त्यांनी ते लावा. पण लेखी घ्या, फोनवर 'घे की भावा' म्हणलं ते चालत नाही, पाच वर्षांनी तिसऱ्या माणसाला ते दाखवता येत नाही.

बहुतेकांनी हो म्हणलं. हुबळीच्या एकांनी तर एका ओळीत उत्तर दिलं आणि सोबत सिग्नलचा पूर्ण सेट नव्याने पाठवला. एका सांगलीच्या दादांनी नाही म्हणलं, त्यांचं म्हणणं की मॉडेल जुनं आहे, त्यांच्या नावावर ते फिरायला नको. त्यांचा निर्णय, तो मानायचाच. त्यांचा मालडबा रूटमधून काढलाय आणि नवीन बनवायला घेतलाय, कुणी जुनी प्रत सोबत जोडून वाटू नका ही विनंती.

इचलकरंजीचे जे काका स्टेशनच्या इमारती बनवायचे ते आता नाहीत. कोल्हापूर स्टेशनची ती संस्थानकाळची इमारत, हातकणंगल्याची सिग्नल केबिन, जयसिंगपूरचा प्लॅटफॉर्म, सगळं त्यांच्या हातचं. त्यांच्या मुलीशी बोललो. तिला खेळातलं काही माहीत नव्हतं, पण बाबा रोज संध्याकाळी काय करत बसायचे ते तिने बघितलेलं, तिने परवानगी लिहून दिली आणि त्यांची हार्ड डिस्क दिली. त्यात जीमॅक्सच्या, म्हणजे मॉडेल बनवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या मूळ फाइल्स निघाल्या. हे किती मोठं आहे ते सांगतो, खेळात जाते ती एस फाइल म्हणजे तयार माल, तिच्यात एक खिडकी बदलायची म्हणली तरी जीव जातो, मूळ सीन (जीमॅक्समधली कच्ची फाइल) असेल तर दहा मिनिटांचं काम. जीमॅक्स 2005 पासून बंद आहे आणि त्याच्या फाइल्स दुसऱ्या कशात सरळ उघडत नाहीत, त्यामुळं एकेक इमारत काढून ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आणायचं चाललंय. काकांनी वळिवड्यासाठी बराकी अर्धवट काढून ठेवल्या होत्या, दुसऱ्या महायुद्धात तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, 1943 ते 1948, साधारण 5000 माणसं. त्यांना या लाइनचा जुना मीटरगेजचा रूट करायचा होता, 1891 पासून गेज बदलेपर्यंतचा. त्या बराकी मी पूर्ण करणार, नाव त्यांचंच राहणार.

दुसरं मोठं काम म्हणजे रूट आता स्वतःच्या पायावर उभा आहे. आपल्या कितीतरी रूटमध्ये इन्स्टॉलमी नावाची बॅच फाइल असते, ती मूळ खेळातल्या सहा रूटमधून झाडं, खांब, घरं उचलून आणते, कारण ती मायक्रोसॉफ्टची असल्यामुळं आपण झिपमध्ये देऊ शकत नाही. आता जुनी सीडी कुणाकडं राहिलीय? आज एखादा अकरावीतला पोरगा ओपन रेल्स टाकतो, आपला रूट उतरवतो आणि त्याला पांढरी जमीन आणि हरवलेल्या फाइल्सची यादी दिसते, तो परत येत नाही. म्हणून मूळ खेळातली प्रत्येक वस्तू काढून आपली लावली. टेलिफोनचे खांब, बाभळी, कौलारू घरं, सगळं आपलं. टीसेक्शन फाइल, म्हणजे रुळांच्या तुकड्यांची यादी, ज्या आवृत्तीवर रूट बांधला तीच झिपमध्ये ठेवलीय, कृपा करून दुसरी टाकू नका, रुळांचे आकार त्या यादीतल्या नंबरवर चालतात, यादी जुळली नाही की रूट लोडच होत नाही. आणि ईएनजी (इंजिनाच्या माहितीची) फाइल नोटपॅडमध्ये बदलली तर युनिकोडमध्येच सेव्ह करा, हे दरवेळी सांगतो आणि पुढं पण सांगत राहणार.

काय राहिलंय : निमशिरगाव-तमदलगेचे फोटो माझ्याकडं फक्त एका बाजूचे आहेत, गावातलं कुणी असेल तर तारा यायच्या आधीचे फोटो पाहिजेत. अंकलीजवळच्या कृष्णेच्या पुलाच्या गाळ्यांची मापं पाहिजेत. मिरज यार्डातल्या सिग्नलची जुनी रचना, कुणाच्या घरात निवृत्त गार्ड किंवा स्टेशन मास्तर असतील तर त्यांना विचारा, आमच्या मिरजेच्या काकांनी अर्धी सांगितलीय, बाकीचं त्यांना नीट आठवेना.

ज्यांची परवानगी आलीय ते सगळं एका डिस्कवर लावून ठेवलंय, प्रत्येक मॉडेलच्या फोल्डरमध्ये लेखी परवानगी, असेल तर मूळ सीन फाइल, आणि रीडमी मराठी-इंग्रजी दोन्हीत. एका जागी ठेवून परत तेच होणार, म्हणून कोल्हापूर, सांगली, पुणे, हुबळी अशा वेगवेगळ्या लोकांकडं पूर्ण प्रत राहील असं ठरलंय. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी या, स्टेशनसमोर भेटू, मिसळ माझ्याकडून. हार्ड डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून आणा, फॅट32 वर 4 जीबीच्या वरची फाइल बसत नाही आणि कोल्हापूरची एकच झिप त्याच्यापेक्षा मोठी आहे.