मे महिन्यातली सकाळ पुरत नाही

गेल्या जुलैमध्ये बेडरूमच्या छताला ओल आली तेव्हाच मी ठरवलं होतं की पुढचा पावसाळा असा काढायचा नाही. आम्ही कोथरूडात एका जुन्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. आधी पिवळा डाग, मग पोपडे, आणि ऑगस्टमध्ये तर पलंगाच्या पायथ्याशी पातेलं. रात्री टपटप वाजतं म्हणून पातेल्यात जुना नॅपकिन घालून ठेवायचा, ही आईंची म्हणजे सासूबाईंची आयडिया. झोप लागायची त्याने, खोटं कशाला बोलू.

गच्ची कॉमन आहे, गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीने करायचा हे आदर्श उपविधींत सरळ लिहिलेलं आहे, तरी तळमजल्यावरच्या काकांचं "पण आमच्याकडे कुठे गळतंय" हे तीन मीटिंगा पुरलं. दिवाळीनंतर व्हायचं काम त्यामुळे मेमध्ये सुरू झालं. पुण्यात पाऊस यायची सरासरी तारीख 10 जून, म्हणजे हातात जेमतेम महिना. आणि काम सुरू झालं त्याच आठवड्यात नागपूरहून नणंद आल्या, दोन मुलांना घेऊन, वीस दिवसांसाठी. येऊ नका म्हणणार कसं, उलट मीच फेब्रुवारीत "या ना मेमध्ये, आमरस करू" म्हणून बसलेले.

तिसरी गोष्ट माझी टेकडी. जानेवारीत शुगर बॉर्डरवर आली तेव्हापासून आठवड्यातून पाच दिवस वेताळ टेकडी, केळेवाडीच्या बाजूने वर, खाणीपर्यंत आणि परत. हे मी घरात कुणालाही न विचारता सुरू केलेलं बहुतेक पहिलंच काम असावं, त्यामुळे ते सोडायचं नव्हतं. जिम लाव म्हणतात सगळे, पण जिममध्ये मोर ओरडत नाहीत.

आता गंमत अशी की मे महिन्यात दिवस चोवीस तासांचा म्हणतात पण कामाचे तास अडीचच, साडेपाच ते आठ. आठनंतर टेकडीवर दगड तापतात आणि खाणीजवळ तर तव्यावर उभं राहिल्यासारखं होतं. पाणी येतं तेही सकाळीच. मिस्त्रीला गच्चीला पाणी मारून हवं तेही ऊन चढायच्या आत. आणि पाहुण्यांचा पहिला चहा, पोरांचं दूध, आईंचं गरम पाणी, हेही त्याच अडीच तासांत. संध्याकाळ रिकामी असते पण संध्याकाळी कुणी ना कुणी भेटायला येतं, नाहीतर आपण कुणाकडे तरी जातो आणि तिथे आमरस-पुरी असते. दोन वाट्या रस खाऊन शुगरसाठी टेकडी चढणारी बाई म्हणजे मी.

मिस्त्रीबद्दल थोडं लिहायलाच हवं. जुना कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटा-सिमेंटचा थर, फोडायला चार दिवस गेले, राडारोडा जिन्यातून खाली, जिना पांढरा, त्यावरून काकांचा वेगळा फोन. गच्चीच्या कठड्याच्या भेगेत पिंपळ उगवला होता, वरून वीतभर दिसत होता, ओढला तर हाताएवढी मुळी बाहेर आली. मग विटांचे तुकडे रचून नवीन कोबा, भिंत आणि गच्ची मिळते तिथे गोलाई, कारण काटकोनात सिमेंट आधी तडकतं आणि पाणी तिथूनच शिरतं. सगळ्यात मला आवडला तो त्याचा उतार तपासायचा प्रकार. लेव्हल ट्यूब वगैरे होती त्याच्याकडे, पण शेवटी त्याने माझ्याकडून तांब्याभर पाणी मागितलं, मधोमध ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. पाणी जरा थबकलं, मग एक बोट निघालं, मग दुसरं, आणि पाइपाच्या तोंडाशी गेलं. एका कोपऱ्यात मात्र हातभर डबकं राहिलं. त्याने तिथे खडूने गोल केला, काही न बोलता.

शेजारी आमच्या ताई, म्हणजे नणंद, उभ्या. "पाणी कुठं चाललं पाहून राहिले नं ते," म्हणाल्या. "आमच्याकडे कुणी इतकं पाहत नाही बाप्पा."

मग क्युरिंग. सिमेंटचे छोटे बांध घालून गच्चीवर वाफे केले, शेतात करतात तसे, आणि त्यात दहा दिवस पाणी उभं ठेवायचं. पाणी उन्हाने उडून गेलं तर सिमेंटला मुरायला मिळत नाही, बारीक चिरा पडतात, मग एवढा खर्च करून पुन्हा पातेलं आणि नॅपकिन. बरोबर आहे. पण गुरुवारी पाणी बंद, बोअर मे महिन्यात खोल गेलेली, आणि कामासाठी वरच्या टाकीचे पाइप काढून ठेवलेले. म्हणजे आमच्या बाथरूममधून बादल्या भरायच्या आणि एक मजला वर न्यायच्या. पहिले दोन दिवस टेकडी बुडली. तिसऱ्या दिवशी मी चिडले, स्वतःवरच, आणि नवऱ्याला म्हटलं आज मी जाणार, बादल्या तू बघ. तो म्हणाला बरं, आणि परत आले तर वाफे कोरडे आणि हा पेपर वाचतोय.

त्यावर ताईंनी जे केलं ते मला सुचलंच नसतं. चौथ्या दिवशी पाचला उठले तर त्या, भाचा आणि भाची जिन्यात बादल्या घेऊन उभे. नागपूरला लोक उन्हाळ्यात चारलाच उठतात म्हणे, कूलरमधलं पाणी बघायला. "तुमच्याकडे ऊन कुठंय, 39 ला काय ऊन म्हणतात," हे दिवसातून तीनदा ऐकवतात, पण त्या अर्ध्या तासात साखळी करून वाफे भरले. एक बादली म्हणजे पंधरा-सोळा किलो, एकोणीस पायऱ्या, अशा तीसेक बादल्या. खांदे दुखून आले. पावणेसहाला आम्ही चौघं टेकडीच्या पायथ्याशी होतो आणि मला चढवत नव्हतं, ताई मात्र पदर खोचून पुढे. मला पाहुणचार हे माझं एकटीचं काम वाटत होतं, ही माझीच चूक.

रविवारी पोरांना पर्वतीला नेलं. 103 पायऱ्या आहेत म्हणून सांगितलं तर भाचीचा आकडा 108 आला आणि भाच्याचा 97, त्यावरून वर देवळापाशी भांडण. सिंहगड ठरला होता तो राहिला, आई म्हणाल्या मला एकटीला त्या मिस्त्रीपाशी सोडू नका, तो चहा फार मागतो.

सातव्या दिवशी दुपारी चारला आभाळ काळं झालं आणि वळीव कोसळला. पत्रे उडाले कुणाचे तरी, लाइट गेले, आम्ही सगळे भिजत गच्चीवर. वाफे काठोकाठ. दुसऱ्या दिवशी बादल्यांना सुट्टी, म्हणून निवांत टेकडीवर गेलो. माती ओली, बहावा झडून वाटेवर पिवळा सडा. वरून कोथरूड दिसतं तिथे ताई उभ्या राहून आपली गच्ची शोधायला लागल्या. वाफ्यांमध्ये पाणी चमकेल, लगेच कळेल, असं मीच म्हटलेलं. पण जिकडे बघावं तिकडे निळी ताडपत्री नाहीतर चमकणारे चौकोन, अर्ध्या कोथरूडचं हेच काम चाललेलं. दोघा पोरांनी दोन वेगवेगळ्या बिल्डिंगा आपल्या म्हणून दाखवल्या.

तेवढ्यात मिस्त्रीचा फोन. "मॅडम, पाणी मारलं का?"

म्हटलं, अहो काल एवढा पाऊस झाला.

"तो डबक्याचा कोपरा बघितला का?"

बघितला नव्हता.