तुम्ही विचारलंत म्हणून: पनीरच्या पाण्यात लॅक्टेज घातलं की झालं का?

"लॅक्टेज बाजारात मिळतं, पनीरचं पाणी तर तुम्ही ओतूनच देता. मग त्याचं जीओएस (गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, म्हणजे गॅलॅक्टोजच्या छोट्या साखळ्या) का नाही करत?" डेअरीवाले विचारतात, फूड टेक्नॉलॉजीची मुलं विचारतात. उत्तर अर्ध्यावर येतं तोच समोरचा म्हणतो, "म्हणजे होत नाही तर." होतं. पण नुसतं लॅक्टेज घालून होत नाही, आणि झालेलं टिकवणं त्याहून अवघड.

लॅक्टेज, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम, लॅक्टोज ही दुधातली साखर तोडतं. ग्लुकोज सुटून जातं, गॅलॅक्टोज क्षणभर एन्झाइमलाच चिकटून राहतं. ते पुढे कोणाला मिळणार हे शेजारी कोण आहे यावर ठरतं. पाणी असेल तर सुटं गॅलॅक्टोज, दुसरा लॅक्टोज असेल तर तीन साखरांची साखळी. पनीरच्या पाण्यात लॅक्टोज जेमतेम ५ टक्के, बाकी सगळी पाण्याची गर्दी. तिथे लॅक्टेज घाला, गोड पाणी मिळेल.

म्हणून द्रावण दाट हवं, ४० टक्क्यांच्या आसपास. १०० लिटर पनीरच्या पाण्यात ५ किलो लॅक्टोज धरा. ते ४० टक्क्यांवर आणायचं तर साधारण ८७ लिटर पाणी उडवावं लागतं. त्याआधी अल्ट्राफिल्ट्रेशनने प्रथिनं काढायची. क्षारही काढायचे, नाहीतर तेही आठपट दाट होतात आणि कॅल्शियम फॉस्फेटचा थर इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर चढतो. एवढं करून एकूण साखरेच्या ३० टक्के जीओएस मिळालं तर दीड किलो. बाकी ग्लुकोज, गॅलॅक्टोज आणि न तुटलेला लॅक्टोज. "फुकटचं पाणी" म्हणताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

आणि लॅक्टेज कुठलं? लॅक्टोज-फ्री दुधासाठी सहसा क्लुइव्हेरोमायसिस लॅक्टिस या यीस्टचं वापरतात. त्याला पीएच ७ च्या जवळ आणि तापमान ४० अंशांच्या आसपास लागतं, कॅल्शियमने ते मंदावतं, आणि त्या तापमानाला जंतूही सुखाने वाढतात. ॲस्परजिलस ओरायझीचं ४.५ ते ५ पीएचला चालतं, त्यामुळे चक्क्याच्या आंबट पाण्याला ते जवळचं. बॅसिलस सर्क्युलन्सचं पीएच ६ ला ५५ ते ६० अंशांवर चालतं आणि साखळ्या जास्त देतं.

या तिसऱ्याच्याच एका बॅचबद्दल सविस्तर सांगायला हवं. ४५ किलो लॅक्टोज, ५५ किलो पाणी. ८५ अंशांपर्यंत तापवून द्रावण पारदर्शक केलं, ५८ वर आणलं. ६० अंशांना लॅक्टोज ३७ टक्क्यांच्या आसपासच विरघळतो, म्हणजे हे द्रावण अतिसंपृक्त होतं. एन्झाइमचा डोस कमी पडला तर तळाशी खडे बसतात. डोस बरोबर होता, खडे बसले नाहीत. दर अर्ध्या तासाला नमुना काढून लगेच उकळत्या पाण्यात १० मिनिटं धरला, कारण नाहीतर नळीतही प्रक्रिया चालूच राहते. जीओएस चढत गेलं, शिखरावर आलं, उतरायला लागण्याआधी टाकी थांबवली. एन्झाइम मारायला ७० अंश, १० मिनिटं. पातळ द्रावणाच्या चाचण्यांत एवढं पुरलं होतं.

पण दाट साखर एन्झाइमच्या प्रथिनाला सांभाळते, पातळ द्रावणात जे उष्णतेने मोडतं ते सिरपमध्ये तग धरतं. नमुने उकळलेले होते, टाकी उकळलेली नव्हती. आकडे नळीतल्या मेलेल्या एन्झाइमचे होते, ड्रममध्ये गेलं ते जिवंत. ड्रममध्ये तरी फारसं बिघडलं नाही, कारण पाणी कमी. घेणाऱ्याने ते पेयात मिसळलं, भरपूर पाणी मिळालं, आणि त्याच एन्झाइमने स्वतः बांधलेल्या साखळ्या पुन्हा तोडल्या. बाटलीवर प्रीबायोटिक (आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाद्य) लिहिलेलं आणि आत वाढत चाललेलं ग्लुकोज. खाणाऱ्याची ती फसवणूकच, हेतू नसला तरी.

पूर्वी माझं ठाम म्हणणं असे की द्रावणाचा दाटपणा साधला की सगळं साधलं. ते चूक नव्हतं, पण ज्या दाटपणामुळे साखळ्या बनतात तोच एन्झाइमला मरू देत नाही, हे त्यात नव्हतं. मग ९५ अंशांवर १५ मिनिटं का नाही? धरा, पण पीएच आधी खाली आणा. पीएच ७ च्या पुढे एवढं तापवलं तर सिरप तपकिरी होतं आणि लॅक्टोजचा काही भाग लॅक्ट्युलोज या दुसऱ्याच साखरेत बदलतो. आम्ल घातलं की ते पुढे काढावं लागतं. पूर्ण मोकळी वाट मला अजून सापडलेली नाही.

मोजण्यातही खाच आहे. एचपीएलसी या साखरा वेगळ्या करून मोजणाऱ्या यंत्रात, नेहमीच्या कॅल्शियम रेझिनच्या कॉलमवर, साखळीच्या लांबीप्रमाणे आलेखात शिखरं पडतात. ॲलोलॅक्टोजसारखी दोन साखरांची नवी जोडी लॅक्टोजच्याच शिखराखाली लपते. लॅक्टोज जास्त दिसतो, जीओएस कमी. ज्यांना एचपीएलसी परवडत नाही त्यांनी निदान ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज वेगवेगळे मोजावेत. नुसतं तुटलं तर दोन्ही सारखे येतात. गॅलॅक्टोज जेवढं कमी, तेवढं साखळ्यांत अडकलंय. ग्लुकोजसाठी पॅथॉलॉजी लॅबमधलं जीओडी-पीओडी किट चालतं.

छोट्या डेअरीने हे करावं का? क्षार काढणं आणि पाणी उडवणं यांचा खर्च बघितला की नाही म्हणावंसं वाटतं. रोज ओढ्यात जाणारं पाणी बघितलं की तसं म्हणवत नाही. करणारच असाल तर ड्रम विकण्याआधी एवढं करा. सिरप पाण्यात ५ टक्क्यांवर आणा, पीएच ६ करा, दोन भाग करा. एक भाग पूर्ण उकळून थंड करा, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही ५० अंशांवर रात्रभर ठेवून सकाळी ग्लुकोज मोजा. न उकळलेल्यात जास्त आलं तर एन्झाइम जिवंत आहे. ड्रम परत टाकीत घ्या.